वोकोडर वापरला म्हणजे गायन प्रत्यक्ष राहत नाही का? डेन्मार्कच्या २००० सालच्या विजयी गाण्याच्या निमित्ताने

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाला उद्देशून आहे हे इतर वाचकांनाही कळेल. आपल्या महाविद्यालयाचा संघ समूहगीत स्पर्धेत उतरतो आहे. स्पर्धेच्या नियमांत ‘गायन प्रत्यक्ष असावे, ध्वनिमुद्रित आवाज चालणार नाही’ असे एकच वाक्य आहे. आपल्या गाण्याच्या मधल्या कडव्यात मुख्य गायकाचा आवाज वोकोडरमधून, म्हणजे गायकाच्या आवाजाला यांत्रिक रूप देणाऱ्या साधनातून, काढायचा आपला विचार आहे. त्यावर दुसऱ्या संघाने ‘हा यंत्राचा आवाज आहे’ अशी हरकत घेतली. तेव्हा आपल्यापैकी कोणीतरी युरोव्हिजन या युरोपातील देशांच्या वार्षिक गीतस्पर्धेत २००० साली डेन्मार्कला पहिला क्रमांक मिळवून देणाऱ्या ‘फ्लाय ऑन द विंग्ज ऑफ लव्ह’ या गाण्याचा दाखला दिला, कारण त्यातही वोकोडर होता आणि त्यावरही हरकत आली होती. हा दाखला आपल्याला लागू पडतो का, आणि मुळात तेव्हाचा निर्णय योग्य होता का, असे आपण विचारले आहे.

मी रंगमंचावरील कार्यक्रमांचे ध्वनिसंयोजन करतो. वाद्यवृंदांपासून भावगीतांच्या मैफलींपर्यंत अनेक प्रकारच्या कार्यक्रमांत मिक्सरमागे बसलो आहे आणि काही स्पर्धांच्या आयोजकांना नियमांचा मसुदा करून देण्याचे कामही केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, वोकोडर चांगला की वाईट हा येथे खरा प्रश्नच नाही. प्रत्यक्ष गायनाचा नियम कशाला आळा घालण्यासाठी केलेला असतो, आणि वोकोडर त्या आळ्यात येतो का, एवढेच तपासायचे आहे. डेन्मार्कचे प्रकरण त्यासाठी उत्तम आहे, पण त्यातून जो निष्कर्ष निघतो तो आपल्याला अर्धाच सोयीचा आहे.

प्रथम घटना. १३ मे २००० रोजी स्टॉकहोममधील ग्लोबेन या बंदिस्त सभागृहात ती स्पर्धा झाली. चोवीस देश होते. डेन्मार्कतर्फे योर्गन ओल्सेन आणि नील्स ओल्सेन हे दोघे सख्खे भाऊ उभे राहिले. नील्सला सगळे ‘नोलर’ म्हणतात. योर्गन तेव्हा पन्नास वर्षांचा होता आणि नोलर सेहेचाळीस. साठच्या दशकापासून गात आलेली ही जोडी होती आणि डेन्मार्कच्या राष्ट्रीय निवड फेरीत ते पूर्वीही उतरले होते. गाणे योर्गनने लिहिले आणि स्वरबद्ध केले. निवड फेरीत ते डॅनिशमध्ये ‘स्मुक सॉम एट स्टियर्नेस्कुड’, म्हणजे ‘तुटत्या ताऱ्यासारखी सुंदर’, या नावाने गायले गेले आणि स्टॉकहोमला इंग्रजीत. कारण आपल्याच देशाच्या भाषेत गाण्याचे बंधन १९९९ पासून उठले होते. पैज लावणाऱ्यांच्या यादीत एस्टोनियाचे नाव वर होते, डेन्मार्कचे नव्हते. प्रत्यक्षात डेन्मार्कला १९५ गुण मिळाले, रशियाच्या अल्सू या गायिकेला १५५ आणि लाटव्हियाच्या ब्रेनस्टॉर्म या गटाला १३६. एस्टोनिया चौथ्या स्थानावर राहिला. एका कडव्यात योर्गनचा आवाज वोकोडरमधून काढून त्याला यांत्रिक रूप दिले होते, या कारणावरून रशियाच्या पथकाने डेन्मार्कला बाद करण्याची मागणी केली. स्पर्धा चालवणाऱ्या युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने ती फेटाळली आणि निकाल कायम राहिला.

ही हरकत नेमकी त्याच सुमारास का उद्भवली, हे समजून घेतल्याशिवाय तिचे वजन कळत नाही. १९९८ पर्यंत या स्पर्धेत जिवंत वाद्यवृंद असे. प्रत्येक देशाचा संगीत संचालक येऊन तो वाद्यवृंद चालवी आणि कोणाला ध्वनिमुद्रित साथ वापरायची असली तरी वाद्यवृंद हा पर्याय समोर असेच. १९९९ पासून वाद्यवृंद पूर्णपणे गेला. तेव्हापासून सगळी साथ ध्वनिफितीवरून येते आणि रंगमंचावर वाजताना दिसणारी वाद्ये केवळ दिसण्यापुरती असतात. म्हणजे स्टॉकहोमच्या मंचावर ओल्सेन बंधूंच्या सादरीकरणात जी गिटार दिसली, तिचा ध्वनी प्रक्षेपणात नव्हता. तो आधी मुद्रित झालेला होता. यावर कोणी आक्षेप घेतला नाही, कारण तो सर्वांनाच लागू असलेला नियम होता. पण याचा परिणाम असा झाला की, तीन मिनिटांच्या सादरीकरणात प्रत्यक्ष घडणारी गोष्ट एकच उरली, ती म्हणजे मानवी आवाज. जेव्हा सगळेच प्रत्यक्ष असते तेव्हा एका आवाजावर थोडी प्रक्रिया झाली तर कोणी भुवया उंचावत नाही; पण जेव्हा प्रत्यक्षपणाचा सगळा भार आवाजावरच येतो, तेव्हा त्याला यंत्राने स्पर्श करणे ही मोठी गोष्ट वाटू लागते. रशियाच्या पथकाची हरकत मला म्हणूनच निव्वळ पराभवाची चिडचिड वाटत नाही. प्रश्न रास्त होता, मात्र त्याचे उत्तर त्यांच्या बाजूने नव्हते.

आता वोकोडर म्हणजे काय ते जरा जवळून पाहू, कारण या चर्चेतला बहुतेक गोंधळ येथेच होतो. वोकोडरला दोन ध्वनी लागतात. एक गायकाचा माईकवरून येणारा आवाज आणि दुसरा एखाद्या सिंथेसायझरचा सलग, भरदार सूर. या दुसऱ्याला कॅरिअर म्हणतात. यंत्र गायकाच्या आवाजाचे खर्जापासून तारापर्यंत अनेक पट्टे पाडते. साध्या यंत्रात आठ-दहा, चांगल्या यंत्रात सोळा-वीस किंवा अधिक. प्रत्येक पट्ट्यात या क्षणी किती जोर आहे ते मोजले जाते आणि कॅरिअरच्या त्याच पट्ट्याला तेवढाच जोर दिला जातो. गायकाने ‘आ’ म्हटला की जोर साधारण सातशे ते अकराशे हर्ट्झच्या आसपास एकवटतो. ‘ई’ म्हटला की एक भाग तीनशेच्या आसपास खाली जातो आणि दुसरा दोन हजारांच्या वर चढतो. सिंथेसायझरच्या सपाट सुरावर हा बदलता आकार चढला की तो सूर ‘आ’ किंवा ‘ई’ म्हणतो आहे असे आपल्याला ऐकू येते. ‘स’चा जोर त्याहून बराच वर, चार-पाच हजार हर्ट्झच्या पुढे असतो, ‘श’चा त्याच्या थोडा खाली, आणि दोघांनाही सूर नसतो. म्हणून बऱ्याच यंत्रांत त्यांच्यासाठी सळसळीचा वेगळा ध्वनी मिसळण्याची किंवा मूळ आवाजाचा वरचा भाग तसाच पुढे सोडण्याची सोय असते. ती नसेल तर शब्द दात पडलेल्या माणसाने उच्चारल्यासारखे येतात.

या रचनेतून पहिली महत्त्वाची गोष्ट निघते. वोकोडर काहीही साठवून ठेवत नाही. गायकाने तोंड मिटले की सर्व पट्ट्यांतला जोर शून्यावर येतो आणि कीबोर्डवर कितीही बोटे दाबून ठेवली तरी बाहेर काही येत नाही. शब्द कोणता, तो कधी सुरू झाला, कधी संपला, श्वास कोठे घेतला, जोर कोठे दिला, हे सगळे त्या क्षणी गाणाऱ्या माणसाकडूनच येते. या यंत्राचा जन्मही तसाच आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांत होमर डडली यांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस यावर काम सुरू केले. संगीताशी त्याचा संबंध नव्हता. दूरध्वनीच्या तारेवर बोलणे कमी जागेत मावावे, हा उद्देश होता. दुसऱ्या महायुद्धात लंडन आणि वॉशिंग्टन यांच्यातील गुप्त संभाषणासाठी जी सिगसॅली ही यंत्रणा उभारली गेली, तिच्या मुळाशीही वोकोडरच होता. थोडक्यात, माणूस बोलत असतानाच त्याचे बोलणे दुसरीकडे पोहोचवण्यासाठी हे यंत्र निर्माण झाले. संगीतकारांनी ते पुढे उचलले आणि सत्तरच्या दशकात जर्मनीच्या क्राफ्टवेर्कसारख्या गटांनी ते लोकांच्या कानांवर बसवले.

प्रत्यक्ष गायनाचा नियम ज्या गोष्टीला आळा घालतो ती म्हणजे आधी मुद्रित केलेला आवाज वाजवून त्यावर ओठ हलवणे. त्या कसोटीवर योर्गन ओल्सेनचे ते कडवे पूर्णपणे नियमात बसते. तो गायला नसता तर ते कडवे ऐकूच आले नसते. म्हणून युनियनने हरकत फेटाळली ती बरोबरच होती असे माझे मत आहे आणि ते मी निःसंकोच मांडतो.

पण याच रचनेतून दुसरीही गोष्ट निघते आणि ती आपल्या संघाने दुर्लक्षू नये. वोकोडरमध्ये शब्द गायकाचे असतात, सूर मात्र कॅरिअरचा असतो. गायक काळी दोनमध्ये गात असो किंवा पांढरी चारमध्ये, कीबोर्डवर जी पट्टी दाबली असेल तीच ऐकू येते. गायक बेसूर झाला तरी बाहेर येणारा आवाज सुरातच असतो. सा-ग-प एकत्र दाबले तर एकच गायक तीन सुरांत गातो आहे असे वाटते. मींड, मुरकी, कणस्वर, आंदोलन यांतले काहीही, कीबोर्डवाला तेवढा तयारीचा नसेल तर, पलीकडे जात नाही. ज्या स्पर्धेत परीक्षक सुरेलपणाला स्वतंत्र गुण देतात, तेथे त्या कडव्यात परीक्षक नेमके कोणाला गुण देतात? गायकाला की कीबोर्डवाल्याला? आणि कॅरिअर जर ध्वनिफितीवरच मुद्रित असेल, तर त्या कडव्यातला सूर कोणीच प्रत्यक्ष लावलेला नसतो. दुसऱ्या संघाची हरकत ‘ध्वनिमुद्रित आवाज’ या मुद्द्यावर टिकणार नाही, पण त्यांनी ती सुरेलपणाच्या गुणांच्या मुद्द्यावर मांडली तर तिला उत्तर देणे अवघड जाईल.

युरोव्हिजनमध्ये हा पेच तितका तीव्र नव्हता, कारण तेथे गायनाचे घटक वेगळे करून गुण देण्याची पद्धत नव्हती. २००० साली बहुतेक देशांत प्रेक्षकांनी दूरध्वनीवरून मते दिली आणि त्यांनी सुरेलपणा, उच्चार, ताल असे रकाने भरले नाहीत. गाणे आवडले की नाही एवढेच सांगितले. आपल्याकडील स्पर्धांत गुणपत्रिका असते. दाखला देताना हा फरक आपणच आधी सांगितलेला बरा, नाहीतर समोरचा तो सांगेल.

येथे एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे, कारण आपल्या प्रश्नातही ‘वोकोडर किंवा ऑटोट्यून’ असा उल्लेख आला आहे. ही दोन सर्वस्वी वेगळी साधने आहेत. ऑटोट्यून हे अँटारेस कंपनीने १९९७ साली बाजारात आणलेले साधन गायकाचाच सूर घेऊन तो जवळच्या नेमक्या सुरावर ओढते. तेथे दुसरा ध्वनी लागत नाही. शेर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’ या १९९८ सालच्या गाण्यात त्याचा सूर ओढण्याचा वेग इतका वाढवला होता की सूर पायऱ्यांवरून उड्या मारल्यासारखे तुटक येऊ लागले, आणि निर्मात्यांनी सुरुवातीला हा वोकोडरचा परिणाम असल्याचे सांगितल्यामुळे पुढे बराच काळ लोक एकाला दुसऱ्याचे नाव देत राहिले. २००० साली युरोपातल्या कानांना असा यांत्रिक आवाज नुकताच ओळखीचा झाला होता. म्हणून ओल्सेन बंधूंच्या गाण्यातला तो तुकडा विचित्र न वाटता चालू काळाचा वाटला. पण नियमाच्या दृष्टीने फरक मोठा आहे. वोकोडर उघडपणे वापरला जातो; पहिल्या अक्षरालाच श्रोत्याला कळते की आवाजावर काहीतरी केले आहे. ऑटोट्यून सौम्य ठेवला तर कोणालाच कळत नाही आणि गायक प्रत्यक्षात होता त्यापेक्षा सुरेल भासतो. फसवणूक रोखणे हा नियमाचा हेतू असेल, तर माझ्या मते काळजी करण्यासारखे साधन दुसरे आहे, पहिले नाही. गंमत अशी की, हरकत नेहमी ऐकू येणाऱ्या साधनावरच घेतली जाते.

‘मग नैसर्गिक आवाज म्हणजे नेमके काय?’ असे आपण पुढे विचाराल, म्हणून तेही सांगतो. माईकमधून आलेला कोणताही आवाज जसाच्या तसा श्रोत्यांपर्यंत जात नाही. त्यातली खर्जाची घरघर मी छाटतो, कॉम्प्रेसरने मोठे-लहान सारखे करतो, रिव्हर्बने त्याला खोलीची जाणीव देतो. भाजीला फोडणी दिली म्हणून ती भाजी नाही असे कोणी म्हणत नाही; पण फोडणीच खाऊ घातली तर ती भाजी म्हणता येत नाही. सीमारेषा कोठे आहे हे गाण्याच्या प्रकारावर, स्पर्धेच्या हेतूवर आणि प्रक्रिया किती काळ चालते यावर अवलंबून असते. नाट्यसंगीताच्या स्पर्धेत मी रिव्हर्बही हात राखून देतो. पॉप गाण्यांच्या स्पर्धेत तोच निकष लावणे हास्यास्पद ठरेल.

आता त्या गाण्याकडे पुन्हा येतो, कारण वोकोडर वापरायचाच असेल तर तो कसा वापरावा हे त्यातून शिकण्यासारखे आहे. ‘फ्लाय ऑन द विंग्ज ऑफ लव्ह’चा सारा डोलारा दोन गोष्टींवर उभा आहे: सोपे, पहिल्यांदा ऐकून दुसऱ्यांदा गुणगुणता येईल असे धृवपद आणि दोन भावांचे मिळून येणारे आवाज. सख्ख्या भावंडांचे आवाज एकत्र गाताना जे एकजीव होतात ते बाहेरून जमवलेल्या जोडीला क्वचितच साधते. स्वरयंत्राची ठेवण आणि लहानपणापासूनची उच्चारांची सवय, दोन्ही सारख्या असतात. कपडे, नृत्य, दिवे यांतले काही भपकेबाज नाही. पन्नाशीच्या आसपासचे दोन गृहस्थ शांतपणे उभे राहून गातात. मूळ डॅनिश शब्दही वय वाढत गेलेल्या प्रेयसीच्या सौंदर्याविषयीचे आहेत, तेव्हा गाणाऱ्यांचे वय त्यात अडचण ठरण्याऐवजी जमेची बाजू ठरले. आणि अशा सगळ्या साध्या मांडणीत एका कडव्यापुरता आवाज अचानक धातूचा होतो. श्रोता चमकतो, आणि पुन्हा धृवपदाला माणसांचे आवाज परत येतात तेव्हा ते आधीपेक्षा ऊबदार वाटतात. माझ्या दृष्टीने त्या तुकड्याचे काम एवढेच आहे: नंतरच्या धृवपदाला उठाव देणे. तो तुकडा काढून साध्या आवाजात गायला असता तरी गाणे जिंकलेच असते, असे मला वाटते. चाळीस गुणांचे अंतर एका कडव्यावरच्या करामतीने पडत नाही.

हीच कसोटी मी आपल्या गाण्याला लावायला सांगेन. वोकोडर बंद करून ते कडवे साध्या आवाजात गाऊन पाहा. गाणे तरीही उभे राहत असेल तर वोकोडर खुशाल ठेवा, कारण मग तो अलंकार आहे. त्या कडव्याशिवाय गाण्यात सांगण्यासारखे काही उरत नसेल, तर परीक्षकांच्या मनात हरकत नसतानाही शंका येईल आणि ती रास्त असेल.

एक गोष्ट जाता जाता. डेन्मार्कने ही स्पर्धा तीनदा जिंकली आहे, १९६३, २००० आणि २०१३ साली, आणि त्यांपैकी पहिल्या दोन विजयांवर वाद झाले. १९६३ मध्ये लंडनला ग्रेटे आणि योर्गन इंगमान या दांपत्याच्या ‘डान्सेविसे’ने ४२ विरुद्ध ४० गुणांनी स्वित्झर्लंडला मागे टाकले, तेव्हा नॉर्वेच्या परीक्षकमंडळाचे गुण पहिल्यांदा एक सांगितले गेले आणि शेवटी पुन्हा विचारल्यावर वेगळे आले, व तो बदल निर्णायक ठरला. येथे सांगण्याचे कारण असे की, इंगमान हा गिटारवादक त्याआधी स्टुडिओत गिटारच्या ध्वनीवर ध्वनी चढवून केलेल्या ध्वनिमुद्रणांसाठीच प्रसिद्ध होता. त्याने वाजवलेली ‘अपाची’ ही धून १९६१ साली अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली होती. तरीही १९६३चा वाद गुणांच्या मोजणीवर झाला, त्याच्या ध्वनीवर नाही. वाद्याच्या ध्वनीवर केलेली प्रक्रिया कोणाला खटकत नाही, आवाजावर केलेली लगेच खटकते. निम्मे शतक उलटले तरी यात बदल झालेला मला दिसत नाही.

आता आपल्या प्रत्यक्ष अडचणीकडे. आयोजकांकडे जाताना ‘डेन्मार्कला चालले, मग आम्हाला का नाही’ असे म्हणू नका. स्पर्धा वेगळी, नियम वेगळे, आणि दाखल्याने आयोजक बांधील होत नाहीत. त्याऐवजी दाखल्यामागचा तर्क मांडा: नियम मुद्रित आवाजाला मनाई करतो, वोकोडरमध्ये मुद्रित आवाज नसतो, आणि हे आम्ही आपल्यासमोर सिद्ध करून दाखवतो. साउंडचेकच्या वेळी परीक्षकांना किंवा आयोजकांच्या प्रतिनिधीला बोलवा. कीबोर्डवर सूर धरून ठेवा आणि गायकाला गप्प उभे करा, शांतता राहील. मग गायकाला त्यांनी सुचवलेले कोणतेही वाक्य, अगदी त्यांचे स्वतःचे नाव, म्हणायला सांगा. तेच यंत्राच्या आवाजात ऐकू येईल. या दोन मिनिटांच्या प्रात्यक्षिकाने जे पटते ते लेखी खुलाशाने पटत नाही, असा माझा अनुभव आहे.

कॅरिअर ध्वनिफितीवरून देऊ नका, कीबोर्डवाल्याने तो समोर वाजवावा. यात दोन फायदे आहेत. सूर कोण लावतो आहे हे दिसते, आणि गायकाने एखादी मात्रा उशीर केला तर कीबोर्डवाला सांभाळून घेतो. सुरेलपणाच्या गुणांविषयी स्वतःहून सांगा की, त्या कडव्याचे सुराचे मूल्यमापन करू नये, बाकीच्या गाण्यावरूनच करावे. असे आपणहून सांगणाऱ्या संघावर संशय घेणे अवघड असते. ते कडवे गाण्याच्या एकूण लांबीच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याहून मोठे नसावे; समूहगीतात तर एवढेही पुष्कळ झाले, कारण तेथे मुळात समूहाचा आवाज ऐकायला लोक बसलेले असतात.

रंगमंचावरील व्यवस्थेबाबत थोडे. गायकाच्या माईकची मिक्सरवर दोन वाहिन्यांत विभागणी करून घ्या, एक साधी आणि एक वोकोडरकडे जाणारी, म्हणजे ध्वनिसंयोजकाला कडव्याच्या सुरुवातीला एक फेडर (आवाजाची पातळी कमी-जास्त करणारी सरकती कळ) खाली आणि दुसरा वर करता येईल. साधी वाहिनी पूर्ण बंद करू नका. किंचित खाली ठेवली तर व्यंजने स्पष्ट राहतात. मराठीत हे विशेष लागते. ‘च’, ‘झ’, ‘ळ’ आणि महाप्राण अक्षरे वोकोडरमधून सहज ओळखू येत नाहीत. ‘भास’ आणि ‘बास’ यांत श्रोत्याला फरक कळेनासा होतो. शक्य असेल तर त्या कडव्यासाठी आधी एकदा साध्या आवाजात येऊन गेलेल्या ओळीच निवडा, म्हणजे शब्द कानात आधीच बसलेले असतील. जोरकस तबला किंवा ड्रम गायकाच्या माईकजवळ असतील तर त्यांचे आघातही वोकोडरमध्ये शिरतात आणि प्रत्येक ठेक्यावर कीबोर्ड भुंकल्यासारखा वाजतो. त्यासाठी त्या वाहिनीवर नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा ध्वनी अडवणारे साधन) लावावा आणि गायकाने माईक ओठांजवळ धरावा. मॉनिटरमध्ये, म्हणजे गायकाला ऐकू यावे म्हणून मंचावर ठेवलेल्या ध्वनिवर्धकात, गायकाला स्वतःचा साधा आवाज द्या, वोकोडरचा नको. यंत्राचा सूर कानात येत राहिला तर गायक नकळत गाणे सोडून बोलायला लागतो आणि शब्दांतला जोर जातो.

आयोजकांनी आपले म्हणणे मान्य केले, तर त्यांना पुढच्या वर्षीसाठी नियमाचे वाक्य सुधारून द्या. मी सुचवतो तो मसुदा असा: ‘मुख्य व साथीच्या गायकांचा कोणताही आवाज आधी ध्वनिमुद्रित केलेला नसावा. आवाजावर सूर बदलणारी किंवा सूर पुरवणारी प्रक्रिया वापरायची असल्यास तिचे स्वरूप आणि कालावधी प्रवेशिकेत नमूद करावा; त्या भागाचा सुरेलपणाच्या गुणांत विचार केला जाणार नाही.’ यात वोकोडर आणि ऑटोट्यून दोन्ही येतात आणि साधा रिव्हर्ब बाहेर राहतो. युरोव्हिजननेही आपले नियम काळाप्रमाणे बदलले आहेत. २०२१ पासून तेथे साथीचे आवाज मुद्रित करून आणायला परवानगी मिळाली, मुख्य गायन मात्र प्रत्यक्षच राहिले. आणि आयोजकांनी नकार दिला, तर स्पर्धेच्या आदल्या दिवशी वाद घालत बसू नका. साध्या आवाजातली तालीम आधीच करून ठेवलेली असू द्या.